एच-१बीचा वाद आणि पगाराचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी कुशल कामगारांना अमेरिकेत ठरावीक मुदतीची नोकरी करू देणाऱ्या एच-१बी व्हिसाबद्दल आपल्या वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुतेक दोन गोष्टींपुरते असते. यंदा लॉटरीत, म्हणजे मर्यादित व्हिसांसाठी निघणाऱ्या सोडतीत, कितीजणांचा नंबर लागला आणि शुल्क किती वाढले. १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणापत्राने नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले, तेव्हाही चर्चा तेवढीच झाली. हे सगळे ज्या आक्षेपावर उभे आहे, तो म्हणजे ‘परदेशी कुशल कामगारांमुळे तिथल्या लोकांचे पगार पडतात’. तो कितपत खरा, आणि खरा असेल तर पगार नेमका कुठे पडतो, हे कुणी उलगडून सांगत नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतीयांचे असतात. पुण्या-मुंबईपासून नाशिक-नागपूरपर्यंत कितीतरी घरांचा या पगाराशी थेट संबंध आहे. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी सविस्तर लिहितो आहे.

माझे म्हणणे असे की, व्हिसांच्या संख्येपेक्षा किमान पगार ठरवण्याच्या पद्धतीत मोठा दोष आहे. त्या पद्धतीत आधी व्हिसाधारकाचा पगार दबतो आणि त्याच्यामागून तेच काम करणाऱ्या अमेरिकनाचा.

ही पद्धत कागदावर चांगली दिसते. व्हिसाचा अर्ज करण्याआधी मालकाला अमेरिकी श्रम खात्याकडे एक हमीपत्र दाखल करावे लागते. त्यालाच सगळे एलसीए म्हणतात. दोन पगारांपैकी जो जास्त असेल तो देईन, अशी हमी मालक त्यात देतो. पहिला पगार ‘प्रत्यक्ष वेतन’, म्हणजे त्याच कंपनीत तेच काम करणाऱ्या, तेवढ्याच अनुभवाच्या माणसाला मिळणारा. दुसरा ‘प्रचलित वेतन’, म्हणजे त्या शहराच्या परिसरात त्या पेशाला मिळणारा. श्रम खात्याने सात कामकाजी दिवसांत हमीपत्र प्रमाणित करायचे असते. पण कायद्याने खात्याला तपासायला काय दिले आहे? अर्ज पूर्ण भरला आहे का आणि त्यात उघड दिसणारी चूक आहे का, एवढेच. पगाराची पातळी बरोबर निवडली का, हे त्या टप्प्यावर कुणी बघत नाही. ती पातळी मालक स्वतःच भरतो.

प्रचलित वेतनाच्या चार पातळ्या असतात. एखाद्या शहरातले शंभर सॉफ्टवेअर डेव्हलपर पगाराच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर पहिली पातळी साधारण सतराव्या माणसाच्या पगाराइतकी येते, दुसरी चौतिसाव्याच्या, तिसरी पन्नासाव्याच्या आणि चौथी सदुसष्टाव्याच्या. म्हणजे पहिल्या दोन्ही पातळ्या त्या शहरातल्या मधल्या पगाराच्या खाली आहेत, आणि हे पूर्ण कायदेशीर आहे. डॅनियल कोस्टा आणि रॉन हिरा या संशोधकांनी २०१९ च्या आर्थिक वर्षातली माहिती तपासली, तेव्हा प्रमाणित झालेल्या एच-१बी जागांपैकी ६० टक्के जागा या दोन पातळ्यांवर होत्या. यातल्या बऱ्याच मालकांनी खोटे काही केलेले नाही. नियमाने जे दिले तेवढेच त्यांनी घेतले.

पातळी कशी काढतात ते आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण खरी मेख तिथे आहे. श्रम खात्याच्या २००९ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे प्रत्येक जागा एका गुणापासून सुरू होते. मग त्यात भर पडते. सॉफ्टवेअरसारख्या पदवीच्या पेशात दोन वर्षांपर्यंतच्या अनुभवाची अट असेल तर शून्य, दोन ते तीन वर्षांची असेल तर एक, तीन ते चारची असेल तर दोन, चाराहून जास्त असेल तर तीन गुण. पदवी पुरेशी असताना पदव्युत्तर शिक्षण मागितले तर एक, पीएचडी मागितली तर दोन. हाताखाली माणसे असतील किंवा एखादे खास कौशल्य लागत असेल तर आणखी गुण. बेरीज चारवर गेली की पातळी चौथी. मात्र हे गुण मोजायचे ते जागेच्या अटींवरून, माणसाच्या अनुभवावरून नव्हे. नऊ वर्षे काम केलेला, दोन मोठे प्रकल्प उभे केलेला अभियंता घेतला आणि जागेच्या वर्णनात ‘पदवी, अनुभवाची अट नाही’ असे लिहिले, तर प्रचलित वेतन पहिल्या पातळीचे होते. त्याची नऊ वर्षे कंपनीला फुकट मिळतात. तेच काम करणारा नऊ वर्षांच्या अनुभवाचा अमेरिकन पगारवाढ मागायला जातो, तेव्हा त्याला हाच आकडा दाखवला जातो.

दुसरी पळवाट पेशाच्या सांकेतिक क्रमांकाची. प्रचलित वेतन पेशानुसार निघते, आणि संगणकाच्या कामाला बरेच पेशे लागू पडू शकतात. मे २०२४ च्या अमेरिकी सरकारी आकड्यांत सॉफ्टवेअर डेव्हलपरचा देशपातळीवरचा मध्यम वार्षिक पगार सुमारे १,३३,००० डॉलर होता, सिस्टिम्स अॅनालिस्टचा सुमारे १,०४,००० आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमरचा सुमारे ९९,०००. काम तेच ठेवून हुद्दा ‘अॅनालिस्ट’ लिहिला की मधला पगारच तीस हजारांच्या आसपास खाली येतो. त्यात पहिली पातळी धरली की आणखी खाली. जागेचा पत्ताही असाच महत्त्वाचा आहे. एलसीए कामाच्या ठिकाणाला बांधलेला असतो. महागड्या सॅन होजेचे काम तुलनेने स्वस्त डॅलसच्या पगारावर करून घेता येत नाही, आणि माणूस एका महानगरक्षेत्रातून दुसऱ्यात हलवला तर सुधारित अर्ज करावा लागतो. २०१५ च्या एका अपील निर्णयानंतर यात संदिग्धता उरलेली नाही. तरीही कन्सल्टन्सी, म्हणजे आपली माणसे दुसऱ्या कंपनीच्या कामावर पाठवणारी कंपनी, असली की क्लायंट बदलल्यावर माणूस हलतो आणि कागद जुनेच राहतात, असे प्रकार होतात.

तिसरी गोष्ट ‘प्रत्यक्ष वेतना’ची. तुलना करायची ती व्हिसा काढणाऱ्या कंपनीतल्या माणसांशी. क्लायंटच्या कार्यालयात, शेजारच्याच टेबलावर बसलेल्या क्लायंटच्या कर्मचाऱ्याशी नव्हे. कन्सल्टन्सीतले बहुतेक सगळे सारख्याच कमी पगारावर असतील, तर प्रत्यक्ष वेतनही कमीच निघते. २०१४-१५ मध्ये ऑर्लँडोतल्या डिस्नेमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या एडिसन या वीज कंपनीत जुन्या आयटी कर्मचाऱ्यांना काढण्यात आले आणि जाण्याआधी बाहेरच्या कंपन्यांच्या माणसांना काम शिकवून जायला सांगितले गेले. त्यावर तिथे मोठा गदारोळ झाला. पण ऑर्लँडोच्या कर्मचाऱ्यांचे दावे न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळले. कायदा मोडला गेल्याचे सिद्ध होण्याइतका तो कायदा घट्टच नव्हता.

याला आळा घालण्यासाठी १९९८ मध्ये एक तरतूद झाली होती. ज्या मोठ्या कंपनीचे किमान १५ टक्के कर्मचारी एच-१बीवर आहेत, तिने आधी अमेरिकन माणूस शोधावा आणि कुणाची जागा काढून ती व्हिसावाल्याला देऊ नये. पण त्याच तरतुदीत सूटही आहे. कामगाराला वर्षाला ६०,००० डॉलर दिले, किंवा त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी असली, की ही बंधने लागू नाहीत. हा ६०,००० चा आकडा तेव्हापासून एका डॉलरनेही हललेला नाही. महागाईचा हिशेब केला तर १९९८ चे ६०,००० म्हणजे २०२४ चे जवळपास १,१५,०००. आज संगणक क्षेत्रात ६०,००० ही अट अट म्हणून उरलेलीच नाही.

आता बांधिलकीबद्दल. आपल्याकडे एच-१बीला कुणी वेठबिगारी म्हणते तर कुणी पूर्ण मोकळीक. दोन्ही म्हणणी खरी नाहीत. २००० च्या कायद्यानंतर नव्या मालकाने अर्ज दाखल केला की त्याच दिवसापासून त्याच्याकडे काम सुरू करता येते. २०१७ पासून नोकरी गेली तर ६० दिवसांची मुदत मिळते. अडचण ग्रीनकार्डची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, आहे. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्के. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. मालकाने ग्रीनकार्डसाठी केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला की रांगेतली तारीख टिकते आणि व्हिसा सहा वर्षांच्या पुढेही वाढवता येतो. पण नव्या मालकाकडे गेले तर जाहिराती देऊन अमेरिकन उमेदवार मिळत नसल्याचे दाखवण्याची सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागते. त्याच कंपनीत बढती घेतली आणि कामाचे स्वरूप बदलले, तरी तोच प्रश्न उभा राहतो. म्हणून माणूस बढती टाळतो, दुसरीकडची जास्त पगाराची ऑफर सोडतो. सोप्या भाषेत बोलायचे तर पगाराची घासाघीस करण्याची त्याची ताकद अर्ध्यावर येते. एका अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, नोकरीवर आधारित ग्रीनकार्ड मिळाल्यावर वार्षिक पगारात सुमारे ११,८६० डॉलरची वाढ दिसली. रांगेत थांबलेल्याच्या पगारातून दर वर्षी किती जाते, याचा तो एक अंदाज आहे.

अर्थशास्त्रज्ञांचे निष्कर्ष उलटसुलट दिसतात, कारण ते वेगवेगळे प्रश्न विचारतात. जिओव्हानी पेरी, केविन शी आणि चॅड स्पार्बर यांनी १९९० ते २०१० या काळात अमेरिकी शहरांकडे पाहिले. परदेशी विज्ञान-तंत्रज्ञान कामगारांचा वाटा जिथे वाढला, तिथे पदवीधर अमेरिकनांचे पगार लक्षणीय वाढले आणि पदवी नसलेल्यांचेही वाढले. जॉन बाउंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी फक्त संगणकतज्ज्ञांकडे पाहिले. त्यांच्या हिशेबानुसार हे स्थलांतर झाले नसते तर २००१ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते. त्याच अभ्यासात ग्राहकांना वस्तू स्वस्त मिळाल्याचे आणि आयटी कंपन्यांचा नफा वाढल्याचेही दिसते. कर्क डोरान, अलेक्झांडर गेल्बर आणि अॅडम आयसेन यांनी २००६ आणि २००७ च्या लॉटरीत जिंकलेल्या आणि हरलेल्या कंपन्यांची तुलना केली. जिंकलेल्या कंपन्यांनी जास्तीची माणसे फारशी घेतली नव्हती. एकाच्या जागी दुसरा आला होता.

या तिन्हींत मला विसंगती दिसत नाही. शहराचा एकूण धंदा वाढतो, त्याचा लाभ बँकेतल्या माणसापासून रंगाऱ्यापर्यंत अनेकांना मिळतो. आणि ज्याचे कौशल्य नव्या माणसासारखेच आहे, त्याच्यावर दाब येतो. व्हिसाचे समर्थक पहिलेच सांगतात, विरोधक दुसरेच. २०२३ च्या आर्थिक वर्षात मंजूर एच-१बी अर्जांतला मध्यम पगार १,१८,००० डॉलर होता, तो दाखवून ‘हे कसले स्वस्त मजूर’ असेही विचारले जाते. तो पगार सरासरी अमेरिकन नोकरदारापेक्षा नक्कीच जास्त आहे. पण तुलना त्याच शहरातल्या, त्याच पेशातल्या, तेवढ्याच अनुभवाच्या माणसाशी करायला हवी, आणि नेमकी तीच तुलना चार पातळ्यांच्या रचनेत हरवते.

संख्या कमी केली की प्रश्न सुटेल, असे समजणाऱ्यांनी २००४ कडे पाहावे. त्या वर्षी वार्षिक मर्यादा १,९५,००० वरून ६५,००० वर आली. ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात दिसले की व्हिसा न मिळालेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी ते काम परदेशातल्या शाखांकडे वळवले, मुख्यतः कॅनडा, भारत आणि चीनकडे. हिंजवडी-खराडीतल्या जागतिक क्षमता केंद्रांना, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या इथल्या शाखांना, याचा फायदा होतो, हे उघड आहे. पण ऑर्लँडोतल्या माणसाच्या पगाराला त्याने आधार मिळत नाही.

एच-१बीच्या शेजारच्या दोन वाटा तर याहून मोकळ्या आहेत. कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसाला वार्षिक मर्यादा नाही आणि प्रचलित वेतनाची अटही नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे एका कंपनीने बंगळूरहून काही कर्मचारी आणले, त्यांना भारतातला पगार रुपयांतच चालू ठेवला, तो तासाला १.२१ डॉलर पडत होता, आणि आठवड्याला १२२ तासांपर्यंत काम करून घेतले. श्रम खात्याने ४०,००० डॉलरहून अधिक थकीत वेतन द्यायला लावले. दंड मात्र ३,५०० डॉलर. दुसरी वाट विद्यार्थ्यांची. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला शिक्षणानंतर विज्ञान-तंत्रज्ञान शाखांत एकूण ३६ महिने काम करता येते, आणि पहिली पाच कॅलेंडर वर्षे त्याच्या पगारावर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचा कर लागत नाही. मालकाचा ७.६५ टक्के हिस्सा वाचतो. नुकत्याच पदवी घेतलेल्या अमेरिकनापेक्षा तो तेवढ्याने स्वस्त पडतो.

आता नव्या उपायांकडे. एक लाख डॉलरचे शुल्क अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांना आहे; तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्याला ते लागत नाही. ते पैसे सरकारी तिजोरीत जातात, कुणाच्याही पगारात नाही. पहिल्या पातळीचा पगार देणाऱ्याला ते जड जाईल हे खरे, पण पातळी चुकीची लावण्याची वाट तशीच उघडी आहे. फेब्रुवारी २०२६ पासून लॉटरीत पातळीनुसार वजन आले: चौथ्या पातळीला चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीला एक. दिशा बरी आहे. मात्र पातळी त्या-त्या शहरापुरती असते. लहान गावातली चौथी पातळी डॉलरमध्ये सॅन होजेच्या पहिल्या पातळीहून कमी असू शकते, तरी तिला चार चिठ्ठ्या मिळतात. नव्याने पदवी घेतलेल्या मुलांची संधी मात्र सरळ घटते.

दुरुस्ती व्हायला हवी ती पातळ्यांतच. ऑक्टोबर २०२० मध्ये ती एकदा झालीही होती: ४५, ६२, ७८ आणि ९५ वा माणूस. पण लोकांच्या हरकती न मागवता घाईने नियम लागू केला, म्हणून न्यायालयाने तो डिसेंबरमध्येच रद्द केला. त्यानंतरचा सौम्य नियमही टिकला नाही. पहिली पातळी मध्यम पगाराच्या जवळ आणावी, गुण मोजताना नेमलेल्या माणसाचा अनुभव धरावा, क्लायंटच्या कर्मचाऱ्यांशीही तुलना व्हावी आणि ६०,००० चा आकडा महागाईला जोडावा, एवढे केले तर स्वस्तात माणूस मिळवण्यासाठी व्हिसा काढण्याचे कारणच उरत नाही. ज्याला खरोखर तो माणूस हवा आहे, तो तेवढा पगार देतोच.

यात भारत सरकारलाही काम आहे. २०१६ मध्ये आपण वाढीव व्हिसा शुल्काविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेलो. भर संख्येवर आणि शुल्कावर राहिला, म्हणजे कंपन्यांच्या खर्चावर. कामगाराच्या खिशातून जाणारी रक्कम वेगळी आहे. एच-१बीवरचा माणूस पगाराच्या ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीत भरतो. त्याचे निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि व्हिसा मुळात सहा वर्षांचा. परत आलेल्याचे ते पैसे बुडतात, कारण दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार नाही. व्यापारविषयक बोलण्यांत हा मुद्दा लॉटरीच्या आकड्याच्या आधी यायला हवा.

जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी काही गोष्टी. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत एलसीएची प्रत कामगाराला देणे मालकावर बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी. तीत पेशाचा क्रमांक, कामाचा पत्ता, पगार आणि पातळी, हे चारही रकाने बघावेत आणि श्रम खात्याच्या संकेतस्थळावर त्या शहराच्या चारही पातळ्यांचे आकडे मोफत पडताळावेत. पाच वर्षांचा अनुभव असून पहिली पातळी लिहिली असेल तर कारण विचारावे. प्रकल्प नसताना ‘बेंच’वर बसवून पगार थांबवणे बेकायदा आहे. व्हिसावर देशात प्रवेश केल्यापासून ३० दिवसांच्या आत पगार सुरू झालाच पाहिजे. व्हिसा अर्जाच्या शुल्कातले प्रशिक्षण शुल्क, कंपनीच्या आकारानुसार ७५० किंवा १,५०० डॉलर, कामगाराकडून कुठल्याही नावाने घेता येत नाही. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल दंड लावणारे बाँड चालत नाहीत, मात्र वाजवी ठरवलेली नुकसानभरपाई काही राज्यांत चालते. सही करण्याआधी हा फरक वकिलाला दाखवावा. प्रत्येक एलसीएची सार्वजनिक फाइल कंपनीला ठेवावी लागते आणि ती कुणीही पाहायला मागू शकतो. तक्रार श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ या अर्जावर करायची, शेवटच्या उल्लंघनापासून १२ महिन्यांच्या आत. पगाराच्या पावत्या, बँकेतील जमा आणि क्लायंटचे ई-मेल यांच्या प्रती कंपनीच्या लॅपटॉपवर न ठेवता स्वतःजवळ ठेवाव्यात, कारण नोकरी गेली की त्याच दिवशी लॅपटॉप परत घेतला जातो.

आपला,
व्हिसा-वेतनविषयक कागदपत्रांचे काम पाहणारा एक वाचक,
बाणेर, पुणे